शेकरवर रीसेट, बेंचवर ठणठणीत: जड इलेक्ट्रिक वाहनांच्या कंट्रोलरमधला लपंडाव दोष कसा शोधायचा

इलेक्ट्रिक ट्रक, बस किंवा टिपरचा कंट्रोलर (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी) शेकरवर, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्रावर, चाचणीला लावला की मध्येच रीसेट होतो, नाहीतर कॅनवरून (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरून) गायब होतो. शेकर बंद करून युनिट बेंचवर आणलं, की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालतं. अहवालात ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. हा प्रकार इतक्या वेळा निस्तरलाय, की तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय. तो क्रम इथे देतोय.

सोपं आणि स्वस्त ते आधी, हे आलंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुरावा मोडणारं काम शेवटी करायचं. या दोषाचा पुरावा फार नाजूक असतो. एक कनेक्टर काढून परत बसवला तरी तो पुसला जातो.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढे वाचा.

- कंपन चालू असतानाच रीसेट होतो किंवा संदेश तुटतात. थांबवलं की सगळं सुरळीत.
- एकाच अक्षात त्रास होतो, बाकीचे दोन अक्ष निर्धोक जातात.
- पहिले काही तास काहीच नाही, मग ठरावीक तापमानाला दोष दिसायला लागतो.
- गाडीवर खराब रस्त्याला दिवा लागतो, वर्कशॉपमध्ये येईपर्यंत विझतो. जे१९३९ (जड वाहनांच्या कॅनचं मानक) च्या कोडमध्ये एफएमआय, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा आकडा, २ (डेटा अस्थिर), ५ (करंट कमी किंवा सर्किट उघडं) किंवा ९ (संदेश वेळेवर येत नाही) दिसतो आणि ‘किती वेळा’चा आकडा वाढत राहतो.
- कनेक्टर काढून-लावल्यावर दोष जातो आणि काही काळाने परत येतो.

शेवटचं लक्षण असेल तर अर्धं निदान झालंच म्हणा. तरी घाई नको.

हात लावण्याआधी

फोटो काढा. युनिट, कनेक्टर, हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठून कसा गेलाय, क्लॅम्प कुठे आहेत, बोल्टवरच्या रंगाच्या खुणा, सगळं. काहीही कसू नका, काढू नका, स्प्रे मारू नका. ‘जरा टाइट करून बघू’ म्हणणारा एक जण प्रत्येक लॅबमध्ये असतो. त्याला चहाला पाठवा.

१. लॉग वाचा

फुकटची तपासणी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. मायक्रोकंट्रोलरमध्ये रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर असतं. सॉफ्टवेअरवाल्यांकडून ते वाचून घ्या. ब्राउन-आउट असेल तर पुरवठा क्षणभर खाली गेला. पॉवर-ऑन रीसेट असेल तर पुरवठा पूर्ण तुटला. वॉचडॉग असेल तर वीज होती, प्रोसेसर कुठेतरी अडकला. क्रिस्टल, मेमरी किंवा अंतर्गत संवादाकडे बघावं लागेल. आणि रीसेट झालाच नसेल, फक्त कॅन गेली असेल, तर दोष बहुतेक वेळा पेटीच्या बाहेर असतो. एवढ्यावर निम्मे संशयित बाद होतात.

मग शेकरचा लॉग, तापमानाचा लॉग आणि कॅनचा लॉग एकाच वेळेवर आणा. तिन्ही घड्याळं वेगळी चालत असतात, त्यामुळे चाचणी सुरू होतानाच तिन्हींत एक ओळखीची खूण पाडून ठेवायची सवय लावा. आयएसओ १६७५०-३ (वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या यांत्रिक चाचण्यांचं मानक) प्रमाणे कंपनाबरोबर तापमानही वरखाली होत असतं. दोष फक्त थंडीत किंवा फक्त गरमीत येत असेल, तर तडा गेलेला सोल्डर जॉइंट किंवा आकसणारी-फुगणारी प्लास्टिकची बॉडी यांच्यावर संशय घ्या. तापमानाशी संबंध नसेल आणि कंपनाची पातळी वाढली की दोष वाढत असेल, तर कनेक्टर, वायर आणि स्क्रू आधी.

२. डोळे आणि टॉर्क रेंच

बोल्टवर ओढलेली रंगाची रेघ तुटली आहे का बघा. तुटली असेल तर सरळ करकचून आवळू नका. आवळण्याच्याच दिशेने हळू जोर लावून बोल्ट हलायला लागतो तो टॉर्क नोंदवा. किती उरलाय ते कळतं. मूळ टॉर्कच्या बराच खाली असेल तर ढिला बोल्ट हा स्वतंत्र दोष म्हणून लिहा. सोबत अर्थिंगची वेणी, तिच्याखालचा रंग खरवडलेला आहे का, आणि ब्रॅकेटला वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा आहे का, तेही बघून घ्या.

३. चाचणीचा सेटअप आरोपी मानून चाला

युनिटवर आळ घेण्याआधी लॅबने स्वतःची झडती द्यावी. लॅबवाल्यांना हे आवडत नाही, पण दोष इथे निघाला तर सगळ्यात स्वस्तात सुटका होते.

ट्रकचं सहायक सर्किट साधारण २४ व्होल्टचं. लॅबचा पॉवर सप्लाय लांब वायरीच्या टोकाला असतो आणि सप्लायच्या पडद्यावर २४ दिसत असताना कनेक्टरपाशी वेगळंच असू शकतं. व्होल्टेज कनेक्टरपाशी मोजा, तेही ऑसिलोस्कोपने, ‘खाली गेला की पकड’ असा ट्रिगर लावून. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. क्षणाचा खड्डा त्याला दिसतच नाही.

कॅनसाठी वीज बंद करून हाय आणि लो यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (शेवटचे रेझिस्टर) असतील तर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब किंवा वायर तुटलेली. ४० आलं तर कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय. ६० आलं म्हणजे वायर कंपनातही जुळलेली राहते असं नाही, पण ढोबळ चूक नाही एवढं नक्की.

सगळ्यात जास्त फसवते ती हार्नेसची बांधणी. युनिट हलतंय आणि केबलचा पहिला क्लॅम्प जमिनीवरच्या स्टँडला असेल, तर दर ठोक्याला कनेक्टर ओढला जातो. गाडीवर असं कधीच होणार नसतं. पहिला क्लॅम्प हलणाऱ्या भागावरच, गाडीच्या ड्रॉइंगमध्ये असेल तितक्याच अंतरावर; त्यापुढे सैल वेटोळं, आणि मग स्थिर स्टँड. हाय-व्होल्टेज केबलच्या बाबतीत तर हे जास्तच लागू. ९५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये नुसतं तांबंच मीटरमागे ८५० ग्रॅमच्या आसपास भरतं. ते धूड लोंबकळत ठेवलं तर तुम्ही युनिटची नाही, केबलच्या वजनाची चाचणी घेताय.

४. फिक्स्चर आणि सेन्सर

फिक्स्चर म्हणजे युनिट शेकरवर बसवायचं जोडकाम. शेकर कंट्रोल सेन्सरचं, म्हणजे हादरा मोजून देणाऱ्या सेन्सरचं, ऐकून चालतो. सेन्सर खोटं बोलला तर युनिटला भलताच मार बसतो आणि आपण युनिटला नापास करतो.

आयईपीई (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) जातीच्या अ‍ॅक्सेलरोमीटरचं बायस व्होल्टेज (स्थिर डीसी पातळी) बघा. साधारण ८ ते १४ व्होल्टच्या मध्ये असतं. शून्याजवळ असेल तर शॉर्ट, सप्लायच्या व्होल्टेजला टेकलं असेल तर वायर तुटलेली. सेन्सर चुंबकाने चिकटवलाय का? २००० हर्ट्झपर्यंतच्या चाचणीत कंट्रोलसाठी स्टड किंवा चिकटवणंच बरं. खडबडीत किंवा रंगवलेल्या पृष्ठभागावर चुंबकाचा वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवसा नाही. सेन्सरची केबल मोकळी फडफडत असेल तर ती टेपने चिकटवा.

फिक्स्चरचा एक बोल्ट ढिला असला तर कमी पातळीच्या साइन स्वीपमध्येच (एकच फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवत नेण्याच्या चाचणीत) कळतं: शुद्ध साइन दिलेली असताना परत येणाऱ्या लहरीवर काटेरी किडे दिसतात आणि आवाजात करकर मिसळते. ही करकर ओळखायला कान तयार होतो. आणि एकदा रिकामं फिक्स्चर युनिटशिवाय हलवून त्याचा स्वतःचा रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला हादरा आपोआप वाढतो ती) कुठे आहे ते बघा. तो चाचणीच्या पट्ट्यात येत असेल तर युनिटच्या एका कोपऱ्याला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त हादरा बसत असणार. मोठ्या इन्व्हर्टरसाठी २००० हर्ट्झपर्यंत ताठ राहणारं फिक्स्चर बनवणं जवळजवळ अशक्यच असतं. मग निदान प्रत्येक माउंटिंगपाशी एकेक सेन्सर लावून खरं काय पोचतंय ते नोंदवा, आणि सरासरीवर कंट्रोल करायचं का ते चाचणी मागवणाऱ्याशी आधी ठरवून घ्या.

पातळी बरोबर निवडली आहे का, हेही याच टप्प्यावर. व्यावसायिक वाहनाच्या चॅसिसवर, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या भागावर बसणाऱ्या युनिटसाठी आयएसओ १६७५०-३ मध्ये १० ते २००० हर्ट्झ, ५७.९ मीटर प्रति सेकंद वर्ग आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणि दर अक्षाला ३२ तास असा रँडम (अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी असलेला) प्रोफाइल वर्षानुवर्षं वापरात आहे. कारच्या बॉडीसाठीचा प्रोफाइल याच्या निम्म्याहून कमी पातळीचा आणि ८ तासांचा. कारसाठी बनवलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर उचलून ट्रकच्या फ्रेमवर लावला, तर तो ‘बिघडत’ नाहीये. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त दिलंय. प्रोपल्शनच्या भागांना आयएसओ १९४५३-३ वेगळं आहे. कोणतं मानक, कोणती आवृत्ती, हे कागदावर बघा, आठवणीवर नको.

५. कनेक्टर: इथे रेंगाळा

माझ्या हातून गेलेल्या केसेसमध्ये सर्वात जास्त इथेच निघाल्या. म्हणून इथे वेळ घालवा.

घडतं असं. पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये कंपनामुळे काही मायक्रॉनची घासाघीस चालू राहते. टिनचा मुलामा असेल तर घासून उघडा पडलेला टिन लगेच ऑक्सिडाइज होतो, तो चुरा तिथेच अडकतो, पुन्हा घासलं जातं, पुन्हा ऑक्साइड. याला फ्रेटिंग म्हणतात. काही तासांनी संपर्काच्या जागी काळपट ठिपका तयार होतो आणि रेझिस्टन्स मिलिओहममधून ओहममध्ये उड्या मारायला लागतो. स्थिर असताना जोड कसाबसा टिकतो, हललं की तुटतो. कनेक्टर काढून लावला की पिन त्या चुऱ्याला खरवडून बाजूला सारते, जोड पुन्हा चकचकीत होतो आणि सगळे म्हणतात, झालं बुवा दुरुस्त. झालेलं काहीच नसतं. तीच घासाघीस नव्या जागी सुरू होते.

म्हणून मोजणी कनेक्टर लावलेला असतानाच करायची. वीज बंद, चार वायरींची मिलिओहम मोजणी, वायरकडून बोर्डावरच्या पॅडपर्यंत किंवा उपलब्ध टेस्ट पॉइंटपर्यंत. साध्या मल्टिमीटरचा इथे उपयोग नाही. त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या भागात असतो. शिवाय मीटरने दिलेला व्होल्टेज ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फोडू शकतो, आणि मग खराब जोडही चांगला दिसतो. कनेक्टर तपासण्याच्या प्रमाणित पद्धतीत उघड्या टोकांचा व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या वर जाऊ देत नाहीत, तो याचसाठी. एकाच कनेक्टरमधल्या सारख्या पिनांची तुलना करा. आठ पिना सारख्या आणि नववी दुप्पट-तिप्पट असेल तर उत्तर मिळालं.

जोड तुटतो तो मायक्रोसेकंदांत मोजावा इतक्या कमी वेळासाठी. बझरच्या मल्टिमीटरने ‘हलवून बघतो’ म्हणणं म्हणजे वेळ घालवणं. संशयित पिनेतून लहानसा डीसी करंट सोडून तिच्या दोन बाजूंचा व्होल्टेज स्कोपवर सिंगल ट्रिगरला लावा आणि शेकर कमी पातळीला चालवा. मग एकेक वायर कनेक्टरपाशी इन्सुलेटेड काडीने हलकेच दाबा. ज्या वायरीला स्कोप उडतो ती वायर.

एवढं झाल्यावर आता कनेक्टर काढायची परवानगी. आत बघा: दुसरं (पिनांना जागेवर धरणारं) लॉक पूर्ण बसलंय का, एखादी पिन मागे सरकली आहे का, वायरचा सील कापला गेलाय का. प्रत्येक वायरला हलका ताण द्या. क्रिम्प (वायर पिनेला दाबून बसवलेली जागा) कच्चं असेल तर हातातच येईल. सोन्याच्या मुलाम्याची पिन टिनच्या सॉकेटला लावलेली सापडली तर तिथेच थांबा. हे जोडपं फ्रेटिंगमध्ये टिनचा चुरा सोन्यावर चढवत बसतं आणि काही वर्षांच्या आतच त्रास देतं.

इलाज म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. इलाज म्हणजे पिना हलू न देणं: पहिला क्लॅम्प जवळ आणणं, वायरीचा लोंबता भार काढणं, कनेक्टरची बॉडी केसिंगला पक्की करणं. मग गरज पडलीच तर चांगला मुलामा किंवा उत्पादकाने मान्य केलेलं कॉन्टॅक्ट ल्यूब्रिकंट. नवा हार्नेस लावला तर जुना जपून ठेवा आणि पूर्ण वेळेची चाचणी नव्याने चालवा. दहा मिनिटं चालून दाखवलं म्हणजे बरं झालं, असं धरू नका. फ्रेटिंगला तयार व्हायला वेळ लागतो.

६. चाचणीआधीचा आणि नंतरचा रेझोनन्स

बाहेर सगळं नीट निघालं, तर आता पेटी न उघडता आत बघायचा मार्ग. चाचणीआधी आणि नंतर त्याच कमी पातळीचा साइन स्वीप घेऊन दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. शिखर डावीकडे सरकलं असेल तर आत काहीतरी मऊ पडलंय. फ्रिक्वेन्सी १० टक्के खाली आली म्हणजे ताठपणा जवळजवळ १९ टक्क्यांनी गेला, कारण ताठपणा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

इथे एक चकवा आहे. समजा, बोर्ड १८० हर्ट्झला डोलतो आणि तिथे ०.०१ जी (गुरुत्वीय प्रवेग) वर्ग प्रति हर्ट्झ एवढा रँडम पोचतो. माइल्सच्या सूत्राने (रँडम कंपनात वस्तूला किती हादरा बसतो याचा अंदाज देणारं), आणि रेझोनन्सला होणारी वाढ फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाएवढी धरली, तर बोर्डाच्या मध्यावर सुमारे ६.२ जी आरएमएस येतं. तीन सिग्माला, म्हणजे आरएमएसच्या तिप्पट टोकाला, बोर्ड प्रत्येक बाजूला ०.१४ मिलिमीटर वाकतो. आता मधला एक स्क्रू ढिला होऊन तोच बोर्ड १२० हर्ट्झवर आला. जी कमी होतं, सुमारे ४.५. बघणारा खूश होतो. पण वाकणं ०.२३ मिलिमीटरवर गेलेलं असतं, म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि सोल्डर मोडतो तो वाकण्याने. त्यामुळे नुसता जी-चा आकडा कमी झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. शिखर कुठे आहे ते बघा.

डिझाइनवाल्यांशी बोलायची वेळ आली तर जुना नियम उपयोगी पडतो: बोर्डाची फ्रिक्वेन्सी केसिंगच्या फ्रिक्वेन्सीपासून निदान एक ऑक्टेव्ह, म्हणजे दुप्पट, दूर हवी. दोन्ही जवळ आल्या की एक दुसऱ्याला झोके देतो.

७. पेटी उघडणं

फक्त २४ व्होल्टचं युनिट असेल तरच हे तुमचं काम. आधी उंच आणि जड भाग बघा: मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, चोक, ट्रान्सफॉर्मर, रिले. त्यांच्या बुडाशी चिकटवण आहे का, की ते नुसते पायांवर उभे आहेत? चिकटवण असून एका बाजूने सुटली असेल तर तिथे चमकदार रेघ दिसते. मग भिंगाखाली त्यांच्या पायांभोवतीचा सोल्डर. गोल तडा असेल तर तिरक्या उजेडात अंगठीसारखा दिसतो. स्क्रूच्या आणि बोर्डाच्या कडेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर स्वतंत्रपणे बघा. बोर्ड वाकला की हे चिरतात, चीर बऱ्याचदा टोकाच्या धातूखाली लपलेली असते, आणि थेट २४ व्होल्टवर बसलेला चिरका कपॅसिटर शॉर्ट होऊन जळूही शकतो. संशय असेल तर वीज देऊन ‘बघू या’ करू नका.

बीजीए (खालून सोल्डरच्या गोळ्यांवर बसलेल्या) चिपच्या कोपऱ्यातले तडे डोळ्याला दिसत नाहीत. चिप दाबून दोष येतो-जातो का बघणं हा मोह सगळ्यांना होतो. पण दाबाने तडा मिटतो, वाढतोही, आणि नंतर कापून बघणाऱ्याला मूळ तडा कोणता आणि तुमचा कोणता ते सांगता येत नाही.

इथे थांबा

नारिंगी (हाय-व्होल्टेजची) केबल आली की थांबा. जड वाहनांच्या प्रणाली ६०० ते ८०० व्होल्टच्या घरात असतात. ६० व्होल्ट डीसीच्या वरचं काहीही हाय-व्होल्टेजच्या कामाचं प्रशिक्षण आणि अधिकृतता असलेल्या माणसानेच हाताळायचं. सर्व्हिस डिस्कनेक्ट काढलं तरी इन्व्हर्टरमधला डीसी-लिंक कपॅसिटर भरलेला असू शकतो. पाटीवर लिहिलेला वेळ थांबणं आणि मग योग्य मीटरने शून्य मोजून खात्री करणं, दोन्ही हवंच.

इन्सुलेशनचा अलार्म येत असेल तरीही थांबा. डीसी प्रणालीला किमान १०० ओहम प्रति व्होल्ट लागतात. ८०० व्होल्टला ८० किलोओहम. आकडा सोपा वाटतो म्हणून कोणी मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन मोजणारं यंत्र) घेऊन धावतो. बॅटरी मॅनेजमेंटचं सर्किट किंवा इन्सुलेशन मॉनिटर जोडलेला असताना मेगर मारला, तर एका दोषाचे दोन होतात.

बॅटरी पॅकची कंपन चाचणी घरच्या शेकरवर करायचीच नाही. यूएन आर१०० (इलेक्ट्रिक वाहनांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम) मध्ये ७ ते ५० हर्ट्झ आणि परत असा १५ मिनिटांचा स्वीप १२ वेळा, एकूण ३ तास, एवढाच दिसतो. पण आग लागली तर काय, याची तयारी असलेल्या जागीच तो करतात. वास, फुगवटा, गळती किंवा थांबल्यावरही वाढत राहणारं तापमान दिसलं तर माणसं बाहेर काढा आणि अग्निशमनाला कळवा. लॉग नंतर.

शेकरच्या आर्मेचरमधून (हलणाऱ्या भागातून) घासण्याचा आवाज आला किंवा स्लिप टेबलचं (आडव्या कंपनासाठी तेलावर सरकणाऱ्या पाटाचं) तेल कमी झालं, तर उत्पादकाचा तंत्रज्ञ बोलवा.

आणि सातव्या टप्प्यापर्यंत काहीच हाती लागलं नाही, तर युनिट फेल्युअर अ‍ॅनालिसिसच्या लॅबला द्या. एक्स-रे, रंग मुरवून तडा शोधणं, काप घेऊन बघणं ही त्यांची कामं. देताना पुसू नका, परत परत चालू करून बघू नका. कनेक्टरवर संशय उरला असेल तर तो काढूच नका: वीज पूर्ण तुटली आहे याची खात्री करून हार्नेस कनेक्टरच्या मागे वीतभर ठेवून कापा आणि जोड लावलेला तसाच पाठवा. सोबत स्वीपचे दोन्ही आलेख, रीसेट रजिस्टरची नोंद, बोल्टचे उरलेले टॉर्क, सुरुवातीचे फोटो, आणि चाचणीच्या वेळी युनिटची कोणती बाजू वर होती ते बाणाने युनिटवरच लिहा.